जिवंत, मयत

कंपनीत आम्ही एकशे सहा.
सगळ्यांची एक नोकरी आधीच संपलेली.
पेन्शन बँकेत, मेडलं ट्रंकेत
आणि अंगावर पुन्हा तोच हिरवा, पोटाशी जरा घट्ट.
कागदावर टेरिटोरियल आर्मी.
गावात म्हणतात, झाडंवाली मिलिटरी.

मी नायक रुस्तुम साळवे, कारकून.
माझ्याकडे मस्टरं दोन,
एक माणसांचं, एक रोपांचं.
रोपांच्या मस्टरात रकाने दोनच:
जिवंत, मयत.

जानेवारीत डोंगर मोजला.
धारूर घाटाच्या अलीकडं,
जुवानं खांदा सोललेल्या बैलासारखा.
सुभेदार लिंबाजीसाहेब म्हणाले, 'चढ आहे.
पण वरून कुणी गोळी घालत नाही. चला.'

मुरूम. मुरमाखाली कातळ. पहारीची ठिणगी.
मार्चात एकदा मुंजाजी ढवळेची पहार
टणकन् वाजली लोखंडावर
आणि तो तसाच थांबला, एक पाय उचललेला.
राजौरीत त्याच्या पुढं चालणाऱ्याचं शेवटचं पाऊल
त्याला अजून ऐकू येतं.
इरफाननं हातानं माती बाजूला केली.
नांगराचा फाळ निघाला, गंजलेला.
म्हणजे इथं कधीतरी माती होती.

एप्रिलअखेर खड्डे नऊ हजार दोनशे, नुसते रिकामे.
चांदण्यात खालून बघितलं की मोर्चे वाटायचे,
शत्रू कुठल्या बाजूचा ते सांगता यायचं नाही.
मेमध्ये टँकर. पिशव्यांतून कडुलिंब, हिवर,
आपटा, करंज, सीताफळ.
सकाळी अर्धा मग, दिवस बुडताना अर्धा.
आमच्या आंघोळी एक दिवसाआड. त्यांच्या नाही.

जूनचं लिहीत नाही. सगळेच लिहितात.

ऑगस्टात एकवीस दिवसांचा खंड पडला.
मयत तीनशे. मयत आठशे दहा.
मी लिहायचो, साहेब सही करायचे
आणि पेन झटकायचे, शाई असतानाही.

पोळ्याच्या दिवशी चौथ्या चरावर
केवळबाईच्या सात शेळ्या धरल्या.
ती आली ओच्यात धोंडे घेऊन.
'पाकिस्तान सोडून माझ्या शेळ्याच सापडल्या व्हय रं?'
कुणाला उत्तर येईना.
साहेबांनी स्टीलच्या मगात चहा दिला.
चहा प्याली, धोंडे तिथंच ठेवले, मग म्हणाली,
'काठानं सीताफळ लावा. त्याला शेळी तोंड लावत न्हाई.
एवढं शिकवलं न्हाई का पल्टणीत?'
ते धोंडे आम्ही बांधाला वापरले.

ऑक्टोबरात गणती. मुंजाजी पुढं, मी मागं.
खड्डा नंबर अकराशे चौदा. वाळकी काडी.
मी 'मयत' लिहायला टेकलो,
तेवढ्यात त्यानं नखानं साल खरवडली.
आत हिरवं होतं, दोऱ्याएवढं.
'थांब. बेपत्ता लिही.'
रकाना नाही, मी म्हटलं.
'आख मग.'
त्याचा आवाज असा होता की मी पट्टी शोधली नाही.
तिसरी रेघ वाकडी आली, कातळावर वही धरल्यामुळं.

डिसेंबरात वरून पत्र:
तक्ता विहित नमुन्यात नाही, कारण कळवावे.
एकतीस तारखेला साहेबांचा निरोप होता.
हार, नारळ, मिरचीची भजी.
केवळबाई आलेली, शेळ्या खाली बाभळीला बांधून.
साहेबांनी भाषण केलं नाही.
टोपी नीट केली, मला विचारलं, 'बेपत्ता किती?'
चारशे सोळा, साहेब.
'जानेवारीत परत बघा.'
आणि उतरले, चर ओलांडताना दरवेळी
खाली बघत.

मी कारण अजून कळवलेलं नाही.